नानांच्या जमिनी आणि आपली जागा

(नाना शंकरशेट यांच्या पुण्यतिथीनिमित्त, ३१ जुलै रोजी बडोद्यात आपल्या मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर आजचा विषय ‘नाना शंकरशेट : स्मरण’ एवढाच छापला आहे. पण सभेची नोटीस वाचून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की चहानंतर दुसरा एक विषय निघणार आहे, आणि तो या सभागृहाच्या जागेचा आहे. अध्यक्षांनी आम्हाला सांगितले की आधी पुण्यतिथीचे भाषण उरकून घ्या, मग जागेचे बघू. आम्ही आज्ञाधारक आहोत, पण हे दोन विषय आम्हाला वेगळे करता आलेले नाहीत. तेव्हा नानांविषयी बोलताना मध्येच जागेकडे वळलो तर रागावू नये.

या भिंतीवर छत्रपती शिवाजी महाराजांची तसबीर आहे, सयाजीराव महाराजांची आहे, लोकमान्यांची आहे. नानांची नाही. आमच्या घरातल्या मुलांना विचारले तर ती म्हणाली, मुंबईला नाना चौक आहे, तेच ना ते? मोठ्यांना विचारले तर ते म्हणाले, शंकरशेट स्कॉलरशिप. म्हणजे एका पिढीला चौक माहीत, एका पिढीला शिष्यवृत्ती माहीत, आणि मधला माणूस कुणालाच नाही. त्यांच्या निधनाला एकशे साठ वर्षे होऊन गेली, त्यामुळे यात कुणाचा दोष काढावा असेही नाही. २०२४ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव द्यावे असा ठराव केला, तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस त्यांचे नाव आले. बडोद्याहून आपण सगळे त्याच स्थानकावर उतरत आलो आहोत. पिढ्यान्‌पिढ्या.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १० फेब्रुवारी १८०३. दैवज्ञ समाजातले, पिढीजात व्यापारी घराणे. पूर्वज अठराव्या शतकात घोडबंदरकडून मुंबईत आले. वडील शंकरशेट मोठे सावकार. नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे मंदिर त्यांनीच बांधले. १८२२ साली वडील गेले, तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. हातात मोठी दौलत, डोक्यावर कुणी नाही, आणि वय एकोणीस. आम्ही बँकेच्या कर्ज विभागात बसतो. अशा वयात अशी दौलत हातात आली की पुढे काय होते ते आम्ही पाहिलेले आहे. नानांचे तसे झाले नाही.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात, ती आम्हा बँकवाल्यांना फार आवडते. अरब, अफगाण वगैरे परदेशी व्यापारी मुंबईत येत, ते आपली संपत्ती बँकेत ठेवण्याऐवजी नानांकडे ठेवत. बँका नव्हत्या असे नाही, पण त्यांना नानांचा शब्द जास्त पक्का वाटे. आज आमच्याकडे ठेव ठेवायची तर केवायसी, पॅनकार्ड, फोटो, दोन ठिकाणी सही. ते सगळे योग्यच आहे, आमचे त्यावरच पोट आहे. पण हे सगळे कागद ज्या गोष्टीच्या जागी आले, ती गोष्ट त्या माणसाजवळ होती.

व्यापारातून मिळवलेला पैसा मुंबईत जमिनीत जायचा. गिरगावात आणि आसपास त्यांच्या मोठ्या जागा होत्या. त्या काळी मुंबई कोटातून बाहेर पसरू लागली होती, आणि ज्याच्याकडे कोटाबाहेरची जमीन, त्याच्याकडे उद्याची मुंबई. हे नानांना कळत होते यात शंका नाही, कारण ते धंदेवाईक माणूस होते, संत नव्हते. पण भाडे आणि भाव एवढ्याकरताच जमीन असते असे त्यांनी मानले नाही. जागा हातात आली की इथे काय उभे राहील हा प्रश्न ते विचारत. त्याची उत्तरे सांगतो.

पहिले उत्तर मुलींच्या शाळेचे. १८४८-४९ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढायला सुरुवात केली. विचार चांगला, पण जागा कोण देणार? आपली मुलगी शाळेत पाठवायची हेच लोकांना पटत नव्हते, तर मुलींच्या शाळेला घर कोण भाड्याने देणार? नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यातच शाळेला जागा दिली. ही देणगी चेक फाडण्यासारखी नव्हती. वाडा राहता होता. तिथे त्यांची माणसे, त्यांची सोवळी-ओवळी, त्यांचे येणारे-जाणारे. लोक काय म्हणतील ते त्यांच्या दारात येऊन म्हणणार होते. जागेबरोबर त्यांनी आपली अब्रूही तिथे ठेवली, असे आम्हाला वाटते.

दुसरे उत्तर नाटकाचे, आणि बडोद्याच्या मंडळींना ते आवडेल. ग्रांट रोडला १८४६ साली एक नाट्यगृह उभे राहिले ते नानांच्या जमिनीवर. तेव्हा ग्रांट रोड म्हणजे गावाबाहेर. साहेब लोकांना तिथपर्यंत जायला लांब पडे. मग त्याच नाट्यगृहात १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने मराठी नाटकाचे खेळ केले, आणि त्याच वर्षी पारशी मंडळींनीही तिथे नाटके सुरू केली. मराठी रंगभूमी आणि पारशी रंगभूमी दोघींनाही मुंबईत पाय टेकायला जी जागा मिळाली, ती एका मराठी जमीनदाराची. आपल्याकडे गणपतीत नाटक बसवायचे म्हटले की तालमीला जागा कुठे, इथून सुरुवात होते. त्यामुळे या गोष्टीचे मोल तुम्हाला सांगायला नको.

तिसरे उत्तर सोनापूरचे. विषय जरा अशुभ आहे, पण बोलतो. सोनापूर म्हणजे आजच्या मरीन लाइन्सजवळची हिंदूंची स्मशानभूमी. वस्ती वाढली, तेव्हा ती तिथून उठवून शिवडीला न्यावी असे घाटू लागले. कागदावर यात काही चूक दिसत नाही. पण गिरगावातून शिवडीपर्यंत खांद्यावर तिरडी घेऊन, पावसाळ्यात, चार माणसे मिळवून जायचे म्हणजे काय, हे कागदावर दिसत नाही. श्रीमंताला गाडी होती. नानांना स्वतःला काहीच अडचण नव्हती. तरी त्यांनी हा प्रश्न हातात घेतला आणि स्मशान सोनापूरलाच राहिले. आम्हाला वाटते, रेल्वे आणि कॉलेज यांच्यापेक्षा गिरगावच्या साध्या माणसाला नाना आपले वाटले असतील ते या एका कामामुळे.

रेल्वेचे थोडक्यात सांगतो, कारण ते पाठ्यपुस्तकात येते. १८४५ साली नाना आणि सर जमशेटजी जिजीभॉय यांनी रेल्वेसाठी मुंबईत संस्था काढली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे निघाली, तिच्या संचालकांत हे दोघे हिंदी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुणे घेऊन निघाली, त्यांत नाना होते. एल्फिन्स्टन कॉलेज, ग्रांट मेडिकल कॉलेज, कायद्याचे वर्ग, राणीचा बाग, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय, या सगळ्यांत त्यांचा हात होता. १८५७ च्या कायद्याने मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्यात पहिल्या फेलोंच्या यादीत त्यांचे नाव आहे. यादी आणखी लांबवता येईल, पण इथे वेळ घालवत नाही.

भाषेविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण आपले हे पत्रक आणि हे मंडळ त्याच कारणाने आहे. १८४० ते १८५६ अशी सोळा वर्षे नाना सरकारी शिक्षण मंडळावर होते. त्या मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे असे की वरच्या वर्गातल्या थोड्या लोकांना इंग्रजीतून नीट शिकवावे, पैसा तिकडे लावावा. दुसरा पक्ष म्हणत होता की जनतेला शहाणे करायचे तर देशी भाषेतूनच केले पाहिजे. नाना दुसऱ्या पक्षाचे. १८४७ साली त्यांनी आपले मत लेखी नोंदवले. पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांना उपयुक्त ज्ञान पोचवायला देशी भाषा इंग्रजीपेक्षा अधिक समर्थ आहेत, असा त्याचा आशय होता. लक्षात घ्या, हा माणूस इंग्रजीचा शत्रू नव्हता. एल्फिन्स्टन कॉलेजासाठी त्याने जिवाचे रान केले होते. साहेबाशी व्यवहार साहेबाच्या भाषेत करायला तो कमी पडत नव्हता. तरी सर्वसामान्य मुलाच्या शाळेचा प्रश्न आला तेव्हा, सरन्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या माणसासमोर, त्याने मराठी-गुजरातीची बाजू घेतली. होय, गुजरातीचीही. मुंबई इलाख्यात देशी भाषा म्हणजे दोन्ही आल्या.

आता आपण काय करतो ते बघू. बडोद्यात मराठी माध्यमाच्या वर्गात मुले का येत नाहीत, यावर आपण दरवर्षी परिसंवाद घेतो. परिसंवाद संपला की आपापल्या नातवंडांना घ्यायला इंग्रजी शाळेच्या फाटकाशी जातो. आम्हीही जातो, हे खोटे कशाला सांगू. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. निवडणुकीच्या आधी आणि गणपतीत आपल्या मंडपात जे पुढारी येतात, हार घालून घेतात आणि ‘मराठी समाज’ या शब्दाने भाषणाची सुरुवात करतात, त्यांतल्या एकालाही आपण हे कलम लेखी देऊन उत्तर मागितलेले नाही. पक्ष कुठलाही असो. त्यांचा दोष आहेच, पण आपण मागितलेच नाही तर ते देणार कशाला?

मागणी कशी करावी हेही नानांकडून शिकता येते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. इलाख्यातली ही पहिली राजकीय संस्था. सर जमशेटजी मानद अध्यक्ष, नाना अध्यक्ष, डॉ. भाऊ दाजी चिटणीस. हिंदू, पारशी, मुसलमान, सगळे एका खोलीत. १८५३ साली कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण व्हायचे होते, त्याआधी त्यांनी सरळ ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज पाठवला, कारभारातल्या उणिवा दाखवल्या आणि सुधारणा मागितल्या. सरकारला अर्ज झोंबला. काही धनिक सभासदांना वाटले, उगाच रोष कशाला, आणि ते हळूच मागे सरले. असे मागे सरणारे प्रत्येक मंडळात असतात. त्यांची नावे इतिहासात शोधायची गरज नाही. असोसिएशन पुढे थंडावली आणि १८६७ मध्ये नौरोजी फर्दुनजींनी ती पुन्हा उभी केली. नाना तोवर गेले होते. पण ते मागे सरले नाहीत. १८५७ च्या उठावात त्यांचाही हात असावा असा सरकारला संशय आला, चौकशी झाली, पुरावा मिळाला नाही. आणि १८६२ साली त्याच सरकारला त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात घ्यावे लागले. राजनिष्ठेचे अर्ज त्यांनीही केले, दरबारात तेही बसले. त्या काळच्या शेटाला ते चुकले नाही, आणि आज आपण त्यांना बंडखोर म्हणून रंगवू नये. पण कागद लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी लिहिला.

आता शेवटचे वर्ष. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेला जाणे बंद झाले, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईला पैशाचे वेड लागले. रोज नवी कंपनी. त्यांत सर्वांत गाजली ती समुद्र भरून जमीन काढायची, बॅक बे रिक्लमेशन कंपनी. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्यावर लोक बंगले बांधत होते, मनात. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करायचा दिवस उजाडला तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर होती. बँक ऑफ बॉम्बेने शेअरच्या तारणावर बेफाम कर्जे दिली होती, ती १८६८ मध्ये बंद करावी लागली. आमच्या धंद्यातल्या माणसाने ही गोष्ट दर सहा महिन्यांनी वाचावी.

त्याच जुलै महिन्याच्या ३१ तारखेला नाना वारले. जमिनीच्या नावाने कागद विकणारे बाजारात एकमेकांना शोधत होते, त्या दिवसांत. त्यांच्या वाड्यातली शाळा, ग्रांट रोडचे नाट्यगृह, सोनापूर, ठाण्याची गाडी, यांपैकी काही त्या महिन्यात बुडाले नाही.

आणि शिष्यवृत्ती. ती नानांनी नाही, त्यांच्या मागे त्यांचे चिरंजीव विनायकराव यांनी १८६६ साली विद्यापीठाकडे दिलेल्या रकमेतून सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला ती मिळे. बडोद्याच्या शाळांतली मुलेही मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसत, म्हणून आपल्या जुन्या घरांत हे नाव ऐकलेले आहे. समोर बसलेल्या एक-दोन आजींनी आत्ता मान हलवली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तेच पुढे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. नानांच्या मुंबईसाठी, नानांच्या नावाची शिष्यवृत्ती घेतलेल्या माणसाने राजीनामा दिला! हा योगायोग असेल. पण आम्हाला यात दुसरी एक गोष्ट दिसते. मूळ रक्कम तशीच राहिली आणि व्याजातून शिष्यवृत्ती दिली गेली, म्हणून शेचाळीस वर्षांनी ती देशमुखांपर्यंत पोचली. विनायकरावांनी तीच रक्कम एका समारंभात वाटली असती, तर समारंभ छान झाला असता.

आता चहाआधीच त्या दुसऱ्या विषयाला हात घालतो. अध्यक्षांनी क्षमा करावी.

ही जागा आपल्याला कशी मिळाली ते पायऱ्यांजवळच्या संगमरवरी पाटीवर आहे. एका व्यापारी गृहस्थांनी प्लॉट दिला, बाकीच्या घरांनी वर्गणी काढून भिंती उभ्या केल्या. कुणी पन्नास रुपये दिले, कुणी पाच. त्या गृहस्थांचे घरही जमिनी घेण्याविकण्यातच होते. त्यांनाही हिशेब येत होता. त्यांनी तरी इथला हिशेब केला नाही, किंवा वेगळ्या तऱ्हेने केला.

एका विकासकाचा प्रस्ताव आला आहे. तळमजल्यावर आणि पहिल्यावर दुकाने, वर ऑफिसे, चौथ्या मजल्यावर आपल्याला सभागृह, शिवाय रोख रक्कम. प्रस्ताव अगदीच वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. छप्पर गळते. ग्रंथालयातल्या मागच्या कपाटात वाळवी आहे. गॅलरीच्या कठड्याला टेकू नका असे आपण लग्नाच्या पाहुण्यांना सांगतो. गळक्या छपराखाली बसून वारशाचा अभिमान मिरवण्यात आम्हाला तरी रस नाही. बांधकाम नवे झालेच पाहिजे.

पण काही गोष्टी आम्ही रोजच्या कामात पाहतो, त्या सांगणे कर्तव्य आहे. गेल्या काही वर्षांत दांडिया बाजारातले, रावपुऱ्यातले किती वाडे गेले ते तुम्ही मोजलेच असतील. त्यांतल्या काही घरांच्या मुदत ठेवी आमच्या हातून झाल्या. नावे विचारू नका, ती सांगता येत नाहीत. वाडा जाताना चार भावांचे चार चेक येतात, चारही घरांत पेढे वाटले जातात. मग पहिली ठेव मोडते ती लग्नासाठी, दुसरी परदेशच्या फीसाठी, तिसरी आजारपणासाठी. कारणे सगळी खरी असतात. जमीन असते तोवर ‘विकायची नाही’ असे म्हणता येते. पैशाला कुणी ‘खर्चायचा नाही’ म्हणत नाही. मंडळ म्हणजे चार भाऊ नव्हेत, दोनशे घरे आहेत. रोख रक्कम आली तर दोनशे कारणे निघतील.

कायद्याचे एवढेच सांगतो. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० पर्यंत आपले वाडवडील मुंबई राज्याचे रहिवासी होते. म्हणून १९५० चा मुंबईचा सार्वजनिक विश्वस्त कायदा आपल्यालाही लागू झाला, आणि गुजरातेत तो नाव बदलून आजही लागू आहे. त्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत चॅरिटी कमिशनरच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, गहाण देता येत नाही, बक्षीस देता येत नाही. इमारत किंवा बिनशेतीची जमीन तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तरी मंजुरी लागते. तेव्हा ‘कमिटीने ठरवले की झाले’ असे जे परवा पानाच्या गादीवर कुणी बोलत होते, ते खरे नाही. आणि मंजुरी मागताना आपल्याला सांगावे लागेल की यात संस्थेचे हित काय. ते आपल्याला आधी एकमेकांना सांगता आले पाहिजे.

आमचे मत स्पष्ट आहे. मालकी सोडू नये. बांधकाम नवे करावे, लागल्यास थोडी दुकाने भाड्याने द्यावीत, पण ग्रंथालय आणि बालवर्ग तळमजल्यावर राहावेत. चौथ्या मजल्यावर गुडघेदुखीच्या आजी जात नाहीत, लहान मुले एकटी जात नाहीत, आणि ज्या सभागृहात या दोघांची ये-जा नाही तिथे फक्त लग्ने लागतात. सोनापूरहून शिवडीला काय झाले असते ते मघाशी सांगितलेच. करारात असे लिहून घ्यावे की विकासकाने आपली जागा कुठल्याही बँकेकडे तारण ठेवायची नाही. ही अट नसली तर तो कर्ज बुडवतो आणि जप्तीची नोटीस मंडळाच्या दारावर लागते. ती नोटीस टाइप करायचे काम आमच्यासारख्याच एखाद्या कारकुनाकडे येते, म्हणून सांगतो. काम अर्धवट सोडल्यास पैसे मिळतील अशी बँक गॅरंटी घ्यावी, आणि गॅरंटीची मुदत कामाच्या मुदतीपेक्षा पुढची असावी. बहुतेक लोक इथेच फसतात. रोख जी काही येईल ती कायम निधीत टाकावी, व्याज मराठी वर्गाच्या शिक्षकांना आणि मुलांना जावे, मूळ रकमेला हात लावायचा झाल्यास सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मते लागावीत.

कार्यकारिणीतल्या काहींना हे पटणार नाही. दुसऱ्या एका गावच्या मराठी संस्थेने जागा विकून शहराबाहेर मोठे भवन बांधले, त्याचे उदाहरण ते देतील. भवन मोठे आहे, आम्ही पाहून आलो. बससुद्धा जाते. पण रविवारी दुपारी तिथे वॉचमन होता आणि आम्ही होतो.

सध्या एवढीच विनंती आहे की आज रात्री हात वर करून काही ठरवू नये. मूळ दस्तावेज कुणीच वाचलेला नाही, आम्हीही नाही. देणाऱ्या गृहस्थांनी जागा कशासाठी दिली, काही अट घातली होती की नाही, ते त्यात लिहिलेले असणार. दस्तावेज मंडळाच्या कपाटात आहे, किल्ली चिटणीसांकडे आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच खोलीत तो मोठ्याने वाचायचा असे चिटणीसांशी ठरले आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या वर्गणीच्या जुन्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन याव्यात, पाच रुपयांची असली तरी. आणि कुणाच्या घरी नानांची तसबीर असेल तर तीही आणावी. तिच्यासाठी खिळा आम्ही ठोकून देऊ.